नेट दोनदा हुकली, भूशास्त्रात संशोधन करायचंय: फेलोशिप कुठून मिळेल?

प्रश्न असा आला आहे: “मॅडम, मी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातली, कोकणा समाजाची. भूशास्त्रात एम.एस्सी. झाले, ६२ टक्के. सीएसआयआर-नेट (विज्ञानाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दोनदा दिली, जेआरएफ (तिच्यावरून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) दोन्ही वेळा हुकली. सध्या नाशिकच्या म्हसरूळला खोली करून राहते आणि एका खासगी क्लासमध्ये शिकवते. इंटरनेटवर ‘अल्प प्रतिनिधित्व असलेल्या गटांतल्या तरुण भूवैज्ञानिकांसाठी’ अशा बऱ्याच फेलोशिप दिसतात. त्या आपल्याला चालतात का? घरचे म्हणतात, आता नोकरी बघ. पीएचडीच्या नादाला लागू का? लागायचं तर पैसे कुठून आणू?”

नादाला लागायला हरकत नाही. पण इंटरनेटवरची ती यादी आधी बाजूला ठेव. त्यातल्या बहुतेक जाहिराती अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या असतात आणि त्यांचं ‘अल्प प्रतिनिधित्व’ त्यांच्या समाजातलं असतं: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, तिथले मूळ रहिवासी. ही ओरड तिकडे खरीच आहे. २०१८ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आकडेवारी आली, तेव्हा दिसलं की अमेरिकेत भूविज्ञानातल्या पीएचडींमध्ये वर्णविविधतेच्या बाबतीत ४० वर्षांत जवळजवळ काहीच हललेलं नाही. त्यानंतर अशा योजनांकडे लक्ष वाढलं. पण त्यांच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीनंतरची मोठी फेलोशिप घे, नाहीतर भूविज्ञानातली पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरची, फेलोशिप घे. दोन्हींना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य लागतं. तू कितीही चांगला अर्ज लिहिलास तरी पहिल्याच चाळणीत बाहेर. तुझ्यासारख्या मुली अशा अर्जांवर महिनेच्या महिने घालवतात आणि तेवढ्यात इथल्या तारखा निघून जातात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

इथल्या योजनांबद्दल बोलू. तुझा प्रवर्ग अनुसूचित जमातीचा, म्हणून तुझ्यासाठी पहिलं दार केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप. देशभरात वर्षाला ७५० जागा असतात. हिला नेट लागत नाही. पदव्युत्तरचे गुण बघतात आणि पूर्णवेळ पीएचडीला नाव नोंदवलेलं असावं लागतं. रक्कम जेआरएफच्या बरोबरीची, म्हणजे २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, वर घरभाडे भत्ता. आता यातली अडचणही ऐक. यादी सगळ्या विषयांची एकत्र असते. इतिहास, मराठी, समाजकार्य असे विषय घेऊन ७५ टक्क्यांनी आलेली मुलंही त्याच रांगेत असतात आणि भूशास्त्रातले ६२ टक्के कसे मिळतात हे यादी करणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून एकट्या तिच्या भरवशावर बसू नकोस. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे टीआरटीआयची, राज्य पातळीवरची योजना आहे. तिची जाहिरात निघाली की तिथेही अर्ज घाल. दोन्हीकडे निवड झाली तर एक सोडावी लागते, दोन फेलोशिप एकदम घेता येत नाहीत. पण अर्ज दोन्हीकडे करायला कुणी अडवत नाही.

तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी दुसऱ्या प्रवर्गातली असेल तर तिला सांग, राज्याच्या अशाच संस्था आहेत: अनुसूचित जातीला बार्टी, मराठा आणि कुणबी-मराठ्यांना सारथी, ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाला महाज्योती. केंद्राच्या अनुसूचित जाती फेलोशिपला मात्र नेटचे गुण बघतात. अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या यादीत तिचं नाव दिसलं तर फसू नका.

नेटचंही एक आहे. जेआरएफ हुकली म्हणजे सगळं हुकलं असं नाही. २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ, त्याखाली सहायक प्राध्यापकपदासह पीएचडी प्रवेश, आणि त्याखाली फक्त पीएचडी प्रवेश. तुझं गुणपत्रक काढून बघ. तू खालच्या दोनांपैकी एकात असशील तर ते गुण वर्षभर पीएचडी प्रवेशाला चालतात, विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा लागत नाही. शिवाय केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांत जेआरएफचं पद भरताना नेट-लेक्चररशिप किंवा गेटही (अभियांत्रिकी-विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा) सर्रास धरतात. म्हणून मी भूशास्त्राच्या मुलांना गेट द्यायला सांगते. सीएसआयआरच्या पेपरात वातावरण, समुद्र, ग्रहविज्ञान सगळं एकत्र कालवलेलं असतं. गेटच्या भूशास्त्र-भूभौतिकीच्या पेपरात दुसरा भाग निव्वळ भूशास्त्राचा निवडता येतो. आणि सीएसआयआर पुन्हा देणारच असशील तर क भागावर बस. तिथे ८० प्रश्नांतले २५ सोडवायचे असतात, प्रत्येकी ४ गुण. खडकशास्त्र, संरचना, भूजल यांचेच २५ पक्के करता आले तर हवामानाच्या समीकरणांकडे बघायचीही गरज नाही. वयाचं दडपण घेऊ नकोस. अनुसूचित जाती-जमातींना आणि सगळ्याच महिलांना जेआरएफच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे.

आता खरी अडचण. फेलोशिप मिळत नाही म्हणून मुलं अडतात असं सगळ्यांना वाटतं. माझ्या पाहण्यात त्याहून जास्त मुलं गाइड न मिळाल्यामुळे अडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनी प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. भूशास्त्राचे मान्यताप्राप्त गाइड आधीच मोजके, त्यातले निम्मे निवृत्तीला टेकलेले. जागा रिकामी होते कधी, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कळतं त्याच्या कितीतरी आधी विभागातल्या मुलांना कळलेलं असतं. आणि नोंदणी झाल्याशिवाय वरची एकही फेलोशिप सुरू होत नाही. म्हणून क्रम उलटा धर: आधी गाइड, मग नोंदणी, मग फेलोशिप. पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ तुला जवळचं आणि ओळखीचं, पण तेवढ्यावर थांबू नकोस. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात आणि सोलापूरला भूविज्ञानाच्या शाळा आहेत. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. कराडला कोयनेच्या भूकंपांवर काम करणारी बोअरहोल प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या परिसरात तिचं पायलट बोअर जमिनीत ३ किलोमीटर खाली नेलेलं आहे. अशा संस्थांत प्रकल्पावर लागलीस तर पीएचडीची नोंदणी तिथूनच मार्गी लागू शकते, आणि पगार निदान वेळेवर होतो.

‘वेळेवर’ हा शब्द मुद्दाम वापरला. राज्याच्या फेलोशिपचे पैसे रखडले म्हणून विद्यार्थ्यांनी आंदोलनं केलेली तू बातम्यांत पाहिली असशील. केंद्राच्या योजनांतही पहिला हप्ता पडायला बरेच महिने जातात. मग थकबाकी एकदम येते. कागदावर ३७,००० असतात आणि खात्यात शून्य. हा मधला काळ ज्याला निभावता येत नाही तो पीएचडी सोडतो, आणि सोडणारा कायम गरीब घरातलाच असतो. म्हणून क्लासची नोकरी आज सोडू नकोस. नोंदणी होईपर्यंत शिकव, निदान सहा महिन्यांच्या खोलीभाड्या-खानावळीइतकी रक्कम बाजूला टाक. एकदा फेलोशिप सुरू झाली की मात्र पगारी काम करता येत नाही, तासिका तत्त्वावरचंही नाही. तसं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. ‘कुणाला कळतंय’ म्हणणारे भेटतील. ऑडिटमध्ये कळतं आणि वसुली लागते.

कंटिन्जन्सीचं, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांचंही आधीच सांगून ठेवते. सीएसआयआरमध्ये ती वर्षाला २०,००० असते, बाकी ठिकाणी कमी-जास्त. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढ्यात झेरॉक्स आणि प्रवास भागतो. भूशास्त्रात तेवढ्यात एका हंगामाची जीप भागत नाही. त्यातच थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ चकत्या), त्यातच रासायनिक पृथक्करण, समस्थानिकांची तपासणी करायची झाली तर ती वेगळीच. हे विषय निवडतानाच लक्षात ठेवलं नाही तर तिसऱ्या वर्षी नमुन्यांच्या पिशव्या कॉटखाली पडून राहतात.

यावरून विषयाकडे येते, कारण इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तू पत्रात पुढे लिहिलंस की लडाखच्या ओफिओलाइटवर, म्हणजे जमिनीवर आलेल्या जुन्या समुद्रतळाच्या खडकांवर, काम करायचं मनात आहे. छान खडक आहेत, पण तुझ्या हातात एसटीचा पास आहे. तुझ्या गावाभोवती काय आहे ते बघ. जगभरचे लोक विमानाने येऊन जो खडक तपासतात तो तुझ्या परसात आहे. कसाऱ्याच्या थळघाटात प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या मोठमोठ्या स्फटिकांचा जो बेसॉल्ट दिसतो तो साऱ्या दख्खनच्या स्तररचनेत खूण म्हणून वापरतात. इगतपुरीच्या नावाने एक फॉर्मेशन, म्हणजे खडकथरांचा गट, आहे. बागलाणातल्या साल्हेर किल्ल्याचं नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने एका फॉर्मेशनला दिलंय. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतले झिओलाइट, म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांतली स्फटिकी खनिजं, जगभरच्या संग्रहालयांत गेले आणि त्यांतले उत्तम नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तिकीट काढून बघता येतात. हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं आणि तुला एसटीने गाठता येणारं.

त्याहूनही जवळचं म्हणजे पाणी. सुरगाणा-पेठला पाऊस धो-धो पडतो आणि होळी झाली की बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. नार, पार, अंबिका, औरंगा सगळ्या पश्चिमेला निघून जातात. नार-पारचं पाणी गिरणेकडे वळवायच्या योजना आपण वर्षानुवर्षं ऐकतो. पण एखादा झरा एप्रिलपर्यंत का टिकतो आणि शेजारचा जानेवारीतच का आटतो, याचं गावनिहाय उत्तर कुणी नीट लिहिलेलं अजून माझ्या पाहण्यात नाही. दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या लाल थरावर, ज्याला आपण रेड बोल म्हणतो, पाणी अडून बाजूला पाझरतं, हे पुस्तकात आहे. तुझ्या पाड्यावरच्या झऱ्याला ते लागू पडतं का, हे मोजायला लागतं. त्यासाठी लागतं काय? पाण्याची वाहकता मोजायचं मीटर, थर्मामीटर, झऱ्याचा प्रवाह मोजायला खाच पाडलेली पत्र्याची पट्टी किंवा साधी बादली नि घड्याळ, आणि प्रत्येक ऋतूत तिथे पुन्हा जाऊ शकणारं माणूस. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला त्यातली शेवटची गोष्ट परवडत नाही. तुला परवडते.

हे प्रस्तावात कसं येतं ते दाखवते. पत्रासोबत तू पाण्याच्या विषयावरचा जो मसुदा पाठवलास त्याचं पहिलं वाक्य होतं: “पाणी म्हणजे जीवन असून महाराष्ट्रात पाणीटंचाई ही एक गंभीर समस्या बनली आहे.” हे वाक्य मी पॅनेलवर बसून इतक्यांदा वाचलंय की पुढचं वाचायच्या आधीच हात पुढच्या फाइलकडे जातो. त्याऐवजी असं लिही: “सुरगाणा तालुक्याच्या अमुक पाणलोटातले निवडक झरे कोणत्या उंचीवर आणि कोणत्या प्रवाहांच्या सांध्यावर निघतात, आणि मार्चनंतर टिकणारे झरे लाल थराशी निगडित आहेत का, हे दोन जलवर्षांच्या मोजणीवरून तपासायचे आहे.” परीक्षकाला एका दमात कळलं: कुठे, काय, किती काळ, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रबंध उभा राहतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ज्या प्रश्नाचं फक्त ‘हो’ हेच उत्तर चालतं, तो संशोधनाचा प्रश्न म्हणून तोकडा पडतो. मसुदा आधी मराठीत लिही, मग इंग्रजी कर. इंग्रजीत विचार करायला गेलीस की ‘गंभीर समस्या’ परत येते. आणि पैसे घेऊन प्रस्ताव लिहून देणाऱ्यांच्या दारात जाऊ नकोस; मुलाखतीत दुसऱ्याचं लिखाण दोन प्रश्नांत उघडं पडतं.

मुलाखतीवरून आठवलं. एका मुलीला पॅनेलने विचारलं, तुमच्या भागातला जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, सांगा. तिने पाठ केलेली व्याख्या सुरू केली आणि मध्येच अडली. मग एकाने विचारलं, घरी विहीर आहे का? तिने फळ्यावर विहीर काढली. वर दोन पुरुष खोल मुरूम, खाली मांजऱ्या, त्यात पांढऱ्या गारगोट्यांची भोकं, त्याखाली काळा फत्तर. पाणी मांजऱ्याच्या तळाला उत्तरेच्या अंगाने येतं, फत्तरात सुरुंग लावला तरी थेंब आला नाही, म्हणून वडिलांनी आडवं बोअर मारलं. मांजऱ्या म्हणजे झिओलाइट भरलेला पोकळ्यांचा बेसॉल्ट हे तिला ठाऊक होतं; ते पुस्तकातलंच आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. पुढची पंधरा मिनिटं पॅनेल तिच्याकडून शिकत होतं. तिची निवड झाली. तेव्हा तुझ्या भागातल्या विहिरींची माहिती आत्ताच वहीत उतरवून काढ: खोली, थर, पाणी कुठल्या महिन्यात तळाला जातं. पाणाड्याने नारळ घेऊन दाखवलेल्या जागाही लिही आणि तिथे पाणी लागलं की नाही तेही. मी त्यांची टिंगल करत नाही. नोंद असली की बोलता येतं.

आधीच्या नोंदी मिळवायच्या तर तू राहतेस तिथून चालत जाता येईल इतकं जवळ दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे, १९५९ पासूनची. राज्यातल्या धरणांभोवतीच्या भूकंपमापन केंद्रांची माहिती तिथे येते. कळवण-दळवटकडच्या सौम्य धक्क्यांच्या बातमीत मेरीचं नाव तू वाचलंच असशील. पाऊस आणि नदीप्रवाहाच्या नोंदींसाठी जलसंपदाचा जलविज्ञान विभागही नाशिकलाच आहे. विहिरींच्या पातळ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असतात, म्हणजे जीएसडीएकडे. निरीक्षण विहिरी ठरलेल्या असतात आणि वर्षातून काही वेळा मोजतात. या कचेऱ्यांत एकटी विद्यार्थिनी म्हणून गेलीस तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकशील. गाइडचं पत्र, त्यावर जावक क्रमांक, आणि कुठल्या तालुक्याची कुठल्या वर्षांची माहिती हवी ते एका परिच्छेदात नेमकं लिहिलेलं असलं की काम होतं.

कागदपत्रांचं आता सांगते. कंटाळवाणं आहे, पण निवड होऊन फेलोशिप जाते ती इथेच. नुसतं जातीचं प्रमाणपत्र पुरत नाही. वैधता प्रमाणपत्र तुझ्याकडे बी.एस्सी.पासून असेल तर उत्तम, नसेल तर आज कामाला लाग. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे, गडकरी चौकाजवळच्या आदिवासी विकास भवनात, म्हणजे निदान हेलपाट्याचं भाडं वाचेल. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जुना सातबारा. यादीत ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ एकाच नोंदीत आहेत, तेव्हा आजोबांच्या दाखल्यावर कोकणी आणि तुझ्या दाखल्यावर कोकणा असेल तर घाबरून जाऊ नकोस. पण दोन्ही कागद एकत्र लावून दे. (अनुसूचित जातींसाठी तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आणि सिन्नर-येवल्याकडच्या वंजारी-धनगर मुलांनी लक्षात ठेवावं की केंद्राच्या योजनेत एनटी असा गट नसतो. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र लागतं.)

इंग्रजी स्पेलिंग ही दुसरी खोड. तुमच्याकडे गावित, भोये, बागुल ही आडनावं घरोघर, आणि प्रत्येक मास्तराने ती वेगळी लिहिलेली. दहावीच्या गुणपत्रकावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. पोर्टल यंत्र आहे, त्याला तुझं आडनाव कळत नाही; नाव जुळलं नाही की पैसे परत जातात. दहावीचं स्पेलिंग कायम ठेव आणि बाकी सगळं त्याला जुळवून घे. लग्न ठरलंच तर पीएचडी हातात पडेपर्यंत कागदावरचं नाव बदलू नकोस. फॉर्म सायबर कॅफेत भरलास तरी मोबाइल नंबर आणि ईमेल तुझेच टाक. कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेल्या मुलांना निवडीचं पत्र आल्याचं मुदत संपल्यावर कळतं.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. २०२२ च्या त्याच नियमांत महिलांना पीएचडीच्या सहा वर्षांच्या मुदतीवर आणखी दोन वर्षं मिळतात, आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा. हे घरच्यांना आणि बघायला आलेल्यांना दोघांनाही सांगून टाक. मध्ये खंड पडलाच तर विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजनेतून महिलांना पीएचडी आणि पोस्ट-डॉकसाठी परत येता येतं.

भूशास्त्रात बायका कमी का, याला कायद्याचाही हातभार होता. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला मनाई होती. २०१९ साली कुठे तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात, त्यांच्या लेखी संमतीने, दार उघडलं. समुद्रवैज्ञानिक अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला जाऊन आल्या, पण त्यानंतरही कॉलेजच्या फील्ड टूरला मुलींना पाठवायचं की नाही यावर पालकसभेत वाद होत होते. मी त्या सभांना बसलेय. फील्डसाठी माझा एकच नियम आहे: एकटीने जायचं नाही आणि मित्राला सोबत म्हणून न्यायचं नाही, वाटाड्याला मजुरी देऊन न्यायचं. गावातली जाणती बाई मिळाली तर सर्वांत चांगलं; झरे तिलाच माहीत असतात. तिची मजुरी प्रस्तावाच्या खर्चात ‘क्षेत्रसाहाय्य’ म्हणून वेगळी दाखव. परीक्षक ते कापत नाहीत. कापलं तर कारण विचार.

पावसाळ्यात कड्याखाली काम करू नकोस, हे सांगायची गरज पडू नये. २०१४ चं माळीण, २०२३ ची इर्शाळवाडी, दोन्ही आदिवासी वस्त्या. दोन्हीकडे भूवैज्ञानिक नंतर गेले, बाहेरून. कुठली वस्ती कुठल्या उतारावर बसलीय हे तुझ्या भागात तुला जितकं ठाऊक आहे तितकं त्यांच्यातल्या कुणालाच नसेल, आणि झऱ्यांऐवजी दरडींवर काम करावंसं वाटलं तर तोही विषय मी उचलून धरीन.

परदेशाचं अगदीच सोडून दे असं नाही, पण ते नोंदणीनंतर. श्लमबर्जे फाउंडेशनची ‘फॅकल्टी फॉर द फ्यूचर’ ही विकसनशील देशांतल्या महिलांसाठीच आहे, परदेशात पीएचडी किंवा पोस्ट-डॉक करायला. आदिवासी मंत्रालयाच्या परदेशी शिष्यवृत्तीत देशभरात वर्षाला २० जागा, त्यांतल्या ३ विशेष असुरक्षित जमातींना, म्हणजे आपल्याकडच्या कातकऱ्यांनाही. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप भारतात नोंदणी झालेल्यांना काही महिने अमेरिकेत काम करू देते. अमेरिकन जिओफिजिकल युनियनची बर्कनर प्रवास फेलोशिप कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या तरुण सदस्यांना परिषदेला जायला मदत करते. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ सेडिमेंटॉलॉजिस्ट्स पीएचडीच्या सदस्यांना छोटी अनुदानं देते, पण तुझे झरे बेसॉल्टात आहेत; गोदावरीच्या गाळावर काम करणाऱ्या मुलांनी तिकडे बघावं.

घरच्यांच्या ‘नोकरी बघ’ला मी उडवून लावणार नाही. यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा एम.एस्सी.वर देता येते. तीतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात घेतात. तिचा अभ्यास, गेटचा अभ्यास आणि नेटचा क भाग बराचसा सारखा आहे. तेव्हा वडिलांना सांग की वर्षभर एकाच अभ्यासावर तीन परीक्षा देतेय आणि मधल्या काळात गाइड शोधतेय. हे खोटंही नाही.

गाइडला मेल करशील तेव्हा बायोडेटाच्या आधी एक पान जोड: वरचं ते एक वाक्य, तालुक्याचा टोपोशीटवरून काढलेला लहान नकाशा, त्यावर तुला माहीत असलेले झरे ठिपक्यांनी, आणि निदान दोन झऱ्यांची या उन्हाळ्यातली तूच केलेली मोजणी. तारखेसकट. विषयात ‘पीएचडीसाठी विनंती’ असं न लिहिता तालुक्याचं नाव आणि झरे हे शब्द येऊ देत. उत्तर येणार नाही हे गृहीत धर, दहा दिवसांनी फोन कर, आणि फोनवर ‘सर, मेल मिळाला का’ असं न विचारता ‘पुण्याला येतेय, कधी भेटू’ असं विचार. नमुन्याचे दगड न्यायचे तर दोनच ने, मुठीएवढे, ताजा फोडलेला पृष्ठभाग वर करून, आणि कुठून उचलले ते त्यावर लिहून.